रुग्णाशी बोलणे शिकवता येते का?

१. स्वभाव की कौशल्य?

डॉक्टरांचे ज्ञान पुस्तकांतून येते आणि त्यांच्या हातातील कसब सरावातून येते, हे सर्वांना मान्य असते. परंतु रुग्णाचे ऐकून घेणे, त्याला नेमके विचारणे आणि समजेल अशा भाषेत सांगणे हेही शिकवता येते का, की तो ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग असतो, हा प्रश्न दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसालाही पडतो आणि वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकालाही पडतो. एखादे डॉक्टर ‘माणूस म्हणून फार चांगले’ असतात, तर दुसरे हुशार असूनही ‘तोंडाने तुटक’ असतात, असे लोक सहज म्हणतात आणि त्यातून बोलणे ही उपजत देणगी आहे असा समज पक्का होत जातो.

हा समज तपासण्याआधी बोलण्याचा रोगनिदानाशी संबंध काय, हे पाहावे लागते. १९७५ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे हॅम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रुग्णांचा अभ्यास केला. आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाची हकिकत ऐकून जे निदान मनात आले, तेच ६६ रुग्णांच्या बाबतीत शेवटपर्यंत कायम राहिले. शारीरिक तपासणीमुळे ७ जणांचे, तर प्रयोगशाळेतील चाचण्यांमुळे आणखी ७ जणांचे निदान बदलले. हकिकत घेणे हा रोग ओळखण्याच्या मुख्य मार्गांपैकी एक आहे, हे यावरून स्पष्ट होते आणि म्हणूनच तो मार्ग केवळ ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडून देणे परवडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. मँचेस्टर येथील मनोविकारतज्ज्ञ पीटर मॅग्वायर यांनी काही विद्यार्थ्यांना रुग्णाशी बोलतानाचे त्यांचे स्वतःचे ध्वनिचित्रमुद्रण दाखवून व त्यावर चर्चा करून शिकवले आणि काही विद्यार्थ्यांना नेहमीच्याच पद्धतीने शिकू दिले. हे विद्यार्थी डॉक्टर झाल्यावर, म्हणजे चार ते सहा वर्षांनी, त्यांना पुन्हा तपासले असता शिकवलेल्या गटाची हकिकत घेण्याची पद्धत अजूनही सरस असल्याचे दिसले. हे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. याच अभ्यासातून पुढे आलेली दुसरी बाब तितकीच महत्त्वाची आहे. रुग्णाला माहिती समजावून सांगण्याचे प्रशिक्षण दोन्ही गटांपैकी कोणालाच मिळाले नव्हते आणि त्यात दोन्ही गट कच्चे आढळले. जे शिकवले ते टिकले आणि जे शिकवले नाही ते नुसत्या अनुभवाने आले नाही, असा याचा अर्थ होतो. स्वभावाचा वाटा असतोच. पण कौशल्य हे पायरीपायरीने मोडून दाखवता येते, करून घेता येते आणि सुधारता येते, हेच या प्रकरणाचे सूत्र आहे.

२. रुग्णभेटीची रचना

एखादी गोष्ट शिकवायची तर आधी तिचे भाग पाडता आले पाहिजेत. रुग्ण खोलीत आल्यापासून पुढे काय करायचे ते ठरून तो बाहेर पडेपर्यंत जे घडते, त्याला येथे ‘रुग्णभेट’ म्हटले आहे. प्राथमिक आरोग्यसेवेत, म्हणजे माणूस आजारपणात ज्या दवाखान्याची पायरी सर्वांत आधी चढतो तेथे, ही भेट विशेष अवघड असते. मोठ्या रुग्णालयात रुग्ण बहुधा हृदयाचा, हाडाचा किंवा डोळ्याचा म्हणून गाळून आलेला असतो. गावच्या किंवा गल्लीतल्या दवाखान्यात मात्र ‘कसंतरी होतंय’, ‘अंग मोडून येतं’, ‘जेवण जात नाही’ अशा कोणत्याही कप्प्यात न बसणाऱ्या तक्रारी येतात आणि त्यांना आकार देण्याचे पहिले काम बोलण्यातूनच होते.

या भेटीचा पद्धतशीर अभ्यास प्रामुख्याने ब्रिटनमधील कुटुंबवैद्यांच्या क्षेत्रात वाढला. हंगेरीत जन्मलेले मनोविश्लेषक मायकेल बॅलिंट यांनी लंडनमध्ये सामान्य वैद्यांचे अभ्यासगट चालवले आणि १९५७ सालच्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, डॉक्टर स्वतःच एक प्रकारचे औषध असतो आणि इतर औषधांप्रमाणे त्याचीही मात्रा व दुष्परिणाम असू शकतात. पुढे १९७६ साली पॅट्रिक बर्न आणि बॅरी लाँग यांनी सुमारे २५०० रुग्णभेटींच्या ध्वनिफिती ऐकून प्रत्यक्षात काय घडते याची मांडणी केली. त्यांना असे आढळले की, बहुतेक डॉक्टरांची बोलण्याची एक ठरावीक शैली असते आणि समोरचा रुग्ण बदलला तरी ती फारशी बदलत नाही. प्रशिक्षणाचा पहिला हेतू येथेच दिसतो: रुग्णाला पाहून शैली बदलता येणे.

त्यानंतरच्या मांडण्यांपैकी शिकवण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी मांडणी कॅलगरी आणि केंब्रिज या दोन शहरांच्या नावाने ओळखली जाते. सुझॅन कर्ट्झ, जोनाथन सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ती विकसित केली. तिच्यात भेटीचे पाच टप्पे येतात: सुरुवात करणे, माहिती मिळवणे, शारीरिक तपासणी, समजावून सांगून पुढचे ठरवणे आणि समारोप. या पाचही टप्प्यांतून दोन धागे सतत चालतात, एक संवादाची शिस्त राखण्याचा आणि दुसरा रुग्णाशी नाते जोडण्याचा. या आराखड्याचा उपयोग असा की, ‘तुमचे बोलणे जमले नाही’ असे मोघम म्हणण्याऐवजी अध्यापकाला ‘सुरुवात चांगली झाली, पण समारोप झालाच नाही’ असे नेमके सांगता येते.

३. पहिले मिनिट: ऐकणे

पहिल्या टप्प्यातील मुख्य काम ऐकण्याचे असते आणि सर्वाधिक चुका तेथेच होतात. अमेरिकेतील हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ साली ७४ रुग्णभेटींचा अभ्यास केला, तेव्हा रुग्ण बोलू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात आणि जेमतेम २३ टक्के भेटींत रुग्णाला आपले म्हणणे पूर्ण करता येते, असे दिसून आले. अडवण्यामागे हेतू वाईट नसतो. पहिली तक्रार कानावर पडताच डॉक्टरांच्या मनात निदानाची साखळी सुरू होते आणि प्रश्न ओठांवर येतो. अडचण अशी की, रुग्णाने पहिल्यांदा उच्चारलेली तक्रार ही त्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची असतेच असे नाही.

रुग्णाला न अडवता बोलू दिले तर तो थांबणारच नाही, ही भीती डॉक्टरांना असते. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही भीती मोजून पाहिली गेली. तेथील एका विशेष रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ऐकण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी ३३५ रुग्णांना मध्ये न बोलता बोलू दिले, तेव्हा रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले आणि त्यांतील ७८ टक्क्यांचे म्हणणे दोन मिनिटांच्या आत संपले. हे रुग्ण गुंतागुंतीच्या आजारांचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे साध्या दवाखान्यात ही वेळ फार वाढण्याची भीती बाळगण्याचे कारण राहत नाही.

ऐकणे म्हणजे नुसते गप्प बसणे नव्हे, हेही विद्यार्थ्याला दाखवावे लागते. मोकळा प्रश्न, म्हणजे ‘हो’ किंवा ‘नाही’ने न संपणारा प्रश्न, सुरुवातीला विचारायचा, ‘काय होतंय?’ एवढे विचारून थांबायचे. रुग्णाच्या तोंडी आलेलाच शब्द ‘चक्कर?’ असा हळूच परत उच्चारायचा, म्हणजे तो पुढे बोलतो. आणि मगच ‘किती दिवसांपासून’, ‘उठल्यावर की चालताना’ असे बंद प्रश्न विचारत जायचे. मोकळ्याकडून बंदाकडे जाण्याचा हा क्रम उलटला, तर डॉक्टरांना आपल्याच अंदाजाची उत्तरे मिळत राहतात.

प्रश्नाच्या घडणीचाही परिणाम होतो. अमेरिकेतील जॉन हेरिटेज व सहकाऱ्यांनी २००७ साली २० कुटुंबवैद्यांसोबत केलेल्या प्रयोगात, रुग्णाच्या मनात आणखी काही विषय असल्याचे गृहीत धरून विचारलेल्या प्रश्नामुळे न बोलता राहून जाणाऱ्या तक्रारी ७८ टक्क्यांनी घटल्या. काही नसेल असे सुचवणाऱ्या प्रश्नाचा मात्र तसा उपयोग झाला नाही. मराठी दवाखान्यात ‘बाकी काही नाही ना?’ हा प्रश्न रुग्णाकडून ‘नाही’ हेच उत्तर मागतो, तर ‘आणखी काय काय विचारायचं मनात आहे?’ हा प्रश्न त्याला जागा करून देतो. हा प्रश्न भेटीच्या आरंभीच विचारावा असे शिकवले जाते. कारण तो न विचारल्यास दाराशी गेलेला रुग्ण मागे वळून ‘आणि हो, छातीतपण जरा दुखतं’ असे म्हणतो आणि सर्वांत गंभीर गोष्ट सर्वांत शेवटी कळते.

४. तक्रारीमागची तक्रार

रुग्ण जे सांगतो त्यामागे तीन गोष्टी असतात, अशी मांडणी डेव्हिड पेंडलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली केली. पहिली समज, म्हणजे आपल्याला काय झाले आहे याबद्दल रुग्णाने मनाशी बांधलेला अंदाज. दुसरी धास्ती, म्हणजे त्याला सर्वांत जास्त ज्याची भीती वाटते ते. आणि तिसरी अपेक्षा, म्हणजे डॉक्टरांनी काय करावे असे त्याला वाटते ते. या तिन्ही गोष्टी विचारल्याशिवाय बहुधा कळत नाहीत. पुढील कल्पित उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

प्राथमिक आरोग्य केंद्रात साठीच्या एक मावशी रक्तदाबाच्या तपासणीसाठी आल्या आहेत. पहिल्या प्रकारात डॉक्टर विचारतात, ‘मावशी, गोळ्या वेळेवर घेताय ना?’ मावशी म्हणतात, ‘हो, घेते की.’ रक्तदाब १७०/१०० भरतो, म्हणून दुसरी गोळी वाढवली जाते आणि भेट संपते. दुसऱ्या प्रकारात डॉक्टर म्हणतात, ‘मावशी, रोजची गोळी म्हटली की कधी ना कधी राहतेच. मागच्या आठवड्यात किती दिवस राहिली असेल?’ आता मावशी सांगतात, ‘डोकं जड झालं की घेते बघा. रोज घेतली की अंगवळणी पडते, मग सुटत नाही म्हणतात. आणि एकादशीला जेवणच नसतं, तर जेवणानंतरची गोळी कशी घ्यायची?’ डॉक्टर पुढे विचारतात, ‘या बीपीच्या दुखण्यात तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?’ त्यावर थोडे थांबून उत्तर येते, ‘माझ्या थोरल्या जावेच्या अंगावरून वारं गेलं. अजून ती अंथरुणावरच आहे.’

दोन्ही भेटींत रुग्ण एकच आणि आजार एकच आहे. परंतु पहिल्या भेटीत न घेतलेल्या गोळीत आणखी एका गोळीची भर पडली, तर दुसऱ्या भेटीत खरी अडचण हाती आली. गोळी डोकेदुखीवर आहे ही समज, सवय लागेल आणि अर्धांगवायू होईल ही दुहेरी धास्ती आणि एक दिवस गोळी सुटावी ही अपेक्षा, असे तिन्ही धागे दिसू लागले. यातील जावेच्या आजाराची धास्ती हीच समजावण्याची सर्वांत बळकट जागा ठरते; कारण ‘जावेला झालं ते तुम्हाला होऊ नये म्हणूनच ही गोळी, आणि ती डोकं दुखो न दुखो, उपवास असो नसो, रोज सकाळी पाण्याबरोबर घेतली तरी चालते’ हे वाक्य मावशींच्या स्वतःच्या विचाराला जोडून येते. विद्यार्थ्याने येथे दोन युक्त्या शिकायच्या असतात: चूक कबूल करणे सोपे जावे म्हणून ती सर्वांकडून होते असे आधी म्हणणे, आणि ‘घेता का’ असे न विचारता ‘किती राहिल्या’ असे विचारणे.

काही तक्रारी मात्र कौशल्याने विचारूनही पुढे येत नाहीत, कारण त्या बोलण्यासाठी आडोसा नसतो. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाते, हे टेबलाभोवती चार रुग्ण उभे असताना आणि सासूबाई किंवा नवरा शेजारी बसलेला असताना कोणतीही स्त्री सांगत नाही. म्हणून सोबतच्या माणसाशी आदराने बोलून, ‘तपासायचं आहे, तुम्ही जरा बाहेर थांबता का?’ असे म्हणत रुग्णाला एकटीने बोलण्याची संधी देणे हेही शिकवण्याच्या यादीत असले पाहिजे.

५. सांगणे आणि समजले का ते पाहणे

निदान झाल्यावर संवादाचा भार डॉक्टरांकडे येतो. वैद्यकीय सल्ल्यातील ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात आणि जी लक्षात राहते तिच्यातील जवळजवळ निम्मी चुकीची असते, असे या विषयावरील संशोधनाचा आढावा घेताना २००३ साली रॉय केसेल्स यांनी नोंदवले. त्यावरचा उपाय अधिक वेळ बोलणे हा नसून थोडे सांगून तपासणे हा आहे. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, ती समजली का ते पाहायचे आणि मग दुसरीकडे वळायचे.

तपासण्याची रीत मात्र नीट शिकावी लागते. ‘समजलं का?’ या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक रुग्ण मान डोलावतो, कारण न समजल्याचे कबूल करणे त्याला कमीपणाचे वाटते. त्याऐवजी रुग्णाकडूनच वदवून घेण्याची पद्धत वापरली जाते. जुलाब होणाऱ्या बाळाच्या आईला जलसंजीवनीचे पाकीट देताना डॉक्टर म्हणू शकतात, ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर हे कसं बनवायचं ते सासूबाईंना कसं सांगाल?’ आईने ‘थोडी पूड ग्लासभर पाण्यात घालायची’ असे म्हटले, तर पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदाच मिसळायचे आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यायचे, हे तेथल्या तेथे दुरुस्त करता येते. प्रश्नाची ही घडण महत्त्वाची आहे. परीक्षा आईची नसून डॉक्टरांच्या सांगण्याची आहे, असे ती सुचवते. सॅन फ्रान्सिस्कोतील सार्वजनिक रुग्णालयात मधुमेही रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डॉक्टरांनी सांगितलेल्या नव्या गोष्टींपैकी फक्त १२ टक्के गोष्टींच्या बाबतीत रुग्णाला समजले का हे पाहिले गेले होते. मात्र ज्यांच्या बाबतीत ते पाहिले गेले, त्यांची साखर आटोक्यात असण्याचे प्रमाण अधिक होते.

समारोपाच्या टप्प्यात ‘पुढची जाळी’ विणावी लागते. रॉजर नेबर यांनी १९८७ साली मांडलेल्या पाच थांब्यांपैकी हा एक थांबा असून, आजार अपेक्षेप्रमाणे वळला नाही तर काय करायचे हे आधीच सांगून ठेवणे, असा त्याचा अर्थ आहे. पावसाळ्यात तापाचा रुग्ण पहिल्या दिवशी येतो तेव्हा साधा विषाणुज्वर आणि डेंग्यू यांत फरक करणे कठीण असते. अशा वेळी ‘बरं वाटलं नाही तर या’ हे वाक्य अपुरे पडते. ‘ताप उतरला तरी पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं किंवा फार गळून गेल्यासारखं झालं, तर रात्र असली तरी थांबू नका’ हे वाक्य रुग्णाच्या हाती नेमकी खूण देते.

अशा बोलण्याचा औषधांच्या वापरावरही परिणाम होतो. नेदरलँड्समध्ये कुटुंबवैद्यांना खोकल्याच्या रुग्णांशी बोलण्याचे प्रशिक्षण देऊन २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित डॉक्टरांनी २७ टक्के रुग्णांना, तर अप्रशिक्षितांनी ५४ टक्के रुग्णांना प्रतिजैविके लिहून दिली. रुग्णाला काय हवे आहे हे विचारल्याशिवाय ते गृहीत धरले, की ‘त्यांना सुईच हवी असते’ या समजुतीने सुई दिली जाते. विचारले तर अनेकांना ‘न्युमोनिया तर नाही ना?’ एवढेच उत्तर हवे असल्याचे कळते.

६. हे शिकवतात कसे?

वरील सर्व गोष्टी फळ्यावर लिहून दिल्या, तर विद्यार्थी त्या पाठ करतील. पण रुग्णासमोर त्या ओठांवर येणार नाहीत. पाठीला भोपळा बांधून विहिरीत उतरणारा मुलगा जसा खऱ्याच पाण्यात हातपाय मारतो, पण बुडत नाही, तशी सोय येथेही करावी लागते. ही सोय म्हणजे ‘अभिरूप रुग्ण’. ठरावीक आजाराची हकिकत, हावभाव आणि मनातील धास्ती यांची तालीम करून रुग्णाची भूमिका वठवणारी ही निरोगी व्यक्ती असते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील मज्जारोगतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली ही पद्धत सुरू केली. तिचा फायदा असा की, विद्यार्थ्याची चूक कोणाच्याही जिवावर बेतत नाही, अवघड क्षण थांबवून पुन्हा घेता येतो आणि ‘तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत तेव्हा मी जावेबद्दल सांगणार होते, ते राहून गेलं’ असे रुग्णाच्या बाजूने सांगणारे कोणीतरी तेथे असते. व्यावसायिक नट नसले तरी चालते. आशाताई, परिचारिका किंवा गावातील हौशी नाट्यमंडळींतील कलाकार ही भूमिका तयारीनंतर उत्तम करू शकतात आणि त्यांच्या तोंडी त्या भागातली खरी बोली असते.

प्रयोगानंतरची चर्चा हा शिक्षणाचा गाभा आहे. पेंडलटन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांनुसार, काय चांगले झाले ते आधी शिकणाऱ्याने स्वतः सांगायचे, मग इतरांनी चांगल्या गोष्टी सांगायच्या. त्यानंतर काय वेगळे करता आले असते तेही आधी शिकणाऱ्याने आणि मग इतरांनी सांगायचे. हा क्रम शिकणाऱ्याला अपमानापासून वाचवतो. मात्र क्रम पाळूनही शेरा मोघम असेल तर उपयोग होत नाही. ‘तुम्ही सहानुभूती दाखवली नाही’ हा शेरा स्वभावावर घाव घालतो, ‘बाई “तसं काही नाही” असं म्हणून गप्प झाल्या, तेव्हा तुम्ही केसपेपर लिहीत होता, तेथे पेन खाली ठेवून काय विचारता आलं असतं?’ हा प्रश्न विद्यार्थ्याला लगेच करून पाहण्याजोगी कृती देतो आणि तोच प्रसंग पुन्हा करून घेता येतो.

जे परीक्षेत येत नाही ते विद्यार्थी गंभीरपणे घेत नाहीत, हेही खरे आहे. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली मांडलेल्या परीक्षापद्धतीत विद्यार्थी एकामागून एक अनेक स्थानकांवर जातो, प्रत्येक स्थानकावर ठरावीक मिनिटांत एकच काम करतो आणि परीक्षक आधी ठरवलेल्या मुद्द्यांनुसार गुण देतो; संवादाचे स्थानक यात सहज बसते. धोका एवढाच की, गुणांसाठी ‘मी तुमचं दुःख समजू शकतो’ अशी तयार वाक्ये पाठ केली जातात. त्यामुळे वाक्य उच्चारले का, एवढेच न पाहता रुग्णाने जे सांगितले त्याच्याशी पुढचा प्रश्न जोडलेला होता का, हे परीक्षकाने पाहिले पाहिजे.

७. आपल्याकडील अभ्यासक्रम आणि दवाखाना

भारतात हा विषय दीर्घकाळ अलिखित राहिला; विद्यार्थी वरिष्ठांना पाहून जे शिकतील ते शिकतील, अशीच रीत होती. भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ साली वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद या विषयांची २७ घटकांची पुस्तिका काढली आणि २०१९ साली प्रवेश घेतलेल्या एमबीबीएसच्या तुकडीपासून क्षमताधारित अभ्यासक्रमात तिचा समावेश झाला. या अभ्यासक्रमाने पदवीधर डॉक्टरकडून ज्या पाच भूमिकांची अपेक्षा केली आहे, त्यांत ‘संवादक’ ही एक स्वतंत्र भूमिका आहे. आरंभीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेची ओळख करून देण्याचीही तरतूद आहे.

भाषेचा हा भाग महाराष्ट्रात विशेष जपावा लागतो. इतर राज्यांतून आलेल्या विद्यार्थ्याला मराठी शिकावी लागतेच. पण मराठी घरातल्या विद्यार्थ्यालाही आजाराची मराठी नव्याने शिकावी लागते, कारण त्याचे वैद्यकीय ज्ञान इंग्रजीत तयार झालेले असते. घेरी, कळ, मुरडा, चमक, ठणका, जळजळ, मुंग्या आणि धडधड या शब्दांमागे वेगवेगळ्या संवेदना आहेत. त्या सर्वांची ‘दुखणे’ किंवा ‘चक्कर’ अशी एकच नोंद केली, तर निदानाची खूणच पुसली जाते. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत माडिया बोलणाऱ्या रुग्णाशी दुभाष्यामार्फत बोलताना नजर दुभाष्याकडे न ठेवता रुग्णाकडे ठेवणे आणि एका वेळी एकच वाक्य बोलणे, हीदेखील सरावाने येणारी कौशल्ये आहेत.

अभ्यासक्रम छापला गेला तरी त्याची कसोटी आंतरवासितेत लागते. वर्गात मोकळे प्रश्न शिकलेला विद्यार्थी बाह्यरुग्ण विभागात वरिष्ठांना रुग्णावर खेकसताना पाहतो, तेव्हा वर्गातला धडा परीक्षेपुरता आणि बाहेरचा धडा जन्मभराचा ठरतो. म्हणून अध्यापक, वैद्यकीय अधिकारी आणि खासगी दवाखान्यांतील डॉक्टर यांनाही याच प्रशिक्षणात सामील करून घेणे आवश्यक आहे.

८. तीन मिनिटांत हे शक्य आहे का?

शेवटचा आक्षेप वेळेचा आहे आणि तो रास्त आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ६७ देशांच्या आढाव्यात प्राथमिक सेवेतील भेटीची सरासरी लांबी बांगलादेशातील ४८ सेकंदांपासून स्वीडनमधील साडेबावीस मिनिटांपर्यंत आढळली आणि जगातील सुमारे निम्मी लोकसंख्या असलेल्या १८ देशांत ती पाच मिनिटे किंवा त्याहून कमी होती. मैदानी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्राकडे निकषानुसार ३०,००० लोकसंख्येची जबाबदारी असते, डोंगरी व आदिवासी भागात ती २०,००० असते. सकाळच्या चार तासांत ८० रुग्ण आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात.

या हिशेबावर दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, सर्व ८० जणांना सारखा वेळ लागत नाही. मलमपट्टीसाठी आलेल्याला एक मिनिट पुरते आणि वाचलेली मिनिटे मावशींसारख्या रुग्णाला देता येतात, मात्र कोणाला ती द्यायची हे ओळखण्यासाठी पहिले अर्धे मिनिट ऐकण्यात घालवावे लागते. दुसरे असे की, प्राथमिक सेवेत रुग्ण पुन्हा येतो. आज गोळी रोज का घ्यायची एवढेच बोलायचे, पुढच्या महिन्यात मिठाबद्दल बोलायचे आणि मधल्या काळात आशाताईंनी किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने घरी तोच धागा पुढे न्यायचा, अशी वाटणी करता येते, त्यासाठी केसपेपरवर औषधाबरोबर ‘सवय लागेल अशी भीती, जावेला अर्धांगवायू’ अशी एक ओळ लिहिलेली असावी लागते.

तरीही रिकाम्या पदांची भरपाई कौशल्याने होत नाही आणि गर्दीचे सर्व ओझे डॉक्टरांच्या गोड बोलण्यावर टाकणे अन्यायाचे होईल. पुरेसे डॉक्टर, बोलण्यापुरता आडोसा आणि रुग्णाशी बोलायला शिकलेले डॉक्टर या तिन्ही गोष्टींची मागणी एकत्रच केली पाहिजे; कारण मनुष्यबळ वाढवूनही प्रशिक्षण दिले नाही, तर वाढलेली मिनिटे जुन्याच पद्धतीने खर्च होतील. ज्या राज्यात लाखो माणसे दुखणे अंगावर काढून उशिरा दवाखान्यात येतात, तेथे डॉक्टरांना ऐकायला आणि सांगायला शिकवणे हा आरोग्यसेवेचा मूलभूत भाग आहे. नाडी पाहणे आणि सुई टोचणे जितक्या काटेकोरपणे शिकवले जाते, तितक्याच काटेकोरपणे तो शिकवला गेला पाहिजे आणि परीक्षेत तपासलाही गेला पाहिजे.